ड्राफ्ट खरंच उथळ झाला का? कॉलेजातला पैसा, वाढलेली वर्षं आणि एनएफएलचे शेवटचे राऊंड

डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलंय : "कॉलेजच्या मुलांना आता लाखो डॉलर मिळतात, काही जण तर सहा-सहा वर्षं कॉलेजातच खेळतात. त्यामुळे एनएफएलचा ड्राफ्ट दरवर्षी उथळ होत चाललाय, असं टीव्हीवर सतत ऐकतो. हे खरं आहे का? आणि असंच चालू राहिलं तर शेवटच्या तीन-चार राऊंडना काही अर्थ उरेल का?"

मी बरीच वर्षं खेळाडूंच्या एजंटांसाठी हिशेबाचं काम करतो. डिसेंबर-जानेवारीत तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं आणि त्यांचे आईवडील "आत्ता जावं की आणखी एक वर्ष थांबावं" हा प्रश्न घेऊन येतात, तेव्हा त्यांच्यासमोर आकडे मांडायचं काम माझं. त्यामुळे या प्रश्नाकडे मी क्लबच्या खुर्चीतून कमी आणि त्या घराच्या बाजूने जास्त बघतो. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, कॉलेजात किती वर्षं खेळता येतं. दुसरी, तिथे किती पैसे मिळतात. दोन्हींमुळे मुलं थांबतात हे खरं, पण वाढीव वर्षाचा परिणाम लाटेसारखा येऊन जातो आणि पैशाचा परिणाम मुक्कामाला राहतो. हा फरक केला नाही तर कुठल्या वर्षीचा ड्राफ्ट कशामुळे पातळ वाटला ते कळतच नाही.

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या क्लबांनी कॉलेजातल्या खेळाडूंची पाळीपाळीने केलेली निवड. त्यात ३२ क्लब, सात राऊंड, आणि भरपाईचे जादा पिक (म्हणजे निवडीच्या पाळ्या) धरून साधारण २५७ नावं पुकारली जातात. आयपीएलच्या लिलावात खेळाडूचा भाव वाढत जातो. इथे क्रम ठरला की भावही ठरतो. २०१० मध्ये पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले होते. २०११ च्या करारात नवोदितांच्या पगाराला श्रेणी लागू झाली आणि त्या वर्षी पहिला निवडलेला कॅम न्यूटन चार वर्षांच्या सुमारे २ कोटी २० लाखांवर आला. तेव्हापासून पहिल्या चार वर्षांच्या पगारात घासाघीस करायला जागाच नाही. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये येता येत नाही, हा दुसरा नियम. मॉरिस क्लॅरेटने तो कोर्टात आव्हानला होता आणि २००४ मध्ये अपिलात तो हरला. कॉलेजच्या बाजूने नियम असा की पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. उरलेलं एक वर्ष बाकावर काढलं तर त्याला रेडशर्ट म्हणतात, आणि २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट टिकतो.

आता वर्षांची गोष्ट. कोविडमुळे एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था) २०२० चा हंगाम कोणाच्याच खात्यात धरला नाही. त्या वर्षी संघात असलेल्या प्रत्येकाला एक वर्ष वाढवून मिळालं. लगेच झालं काय? जे २०२१ च्या ड्राफ्टमध्ये आले असते त्यांतले बरेच थांबले, आणि २०२२ पासून पुढे ते थोडे थोडे बाहेर पडत राहिले. पिढीच्या पिढी एक वर्ष थांबली की पहिल्या वर्षी खड्डा पडतो. पुढच्या वर्षी आधी थांबलेले येतात आणि त्या वर्षीचे थांबतात, म्हणजे वाहणारं पाणी पुन्हा तेवढंच. एखाद्या वर्षी तर पूरही येतो.

क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याच्या, जागेवर हे फार स्वच्छ दिसतं. २०२२ मध्ये पहिल्या राऊंडमध्ये एकच क्वार्टरबॅक गेला : केनी पिकेट, विसावा. तोही वाढीव वर्षाचाच लाभार्थी होता. त्याच्यानंतरचा क्वार्टरबॅक थेट तिसऱ्या राऊंडमध्ये गेला. लोक म्हणाले, आटलं सगळं. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, पहिल्या बारा पिकमध्ये सहा क्वार्टरबॅक गेले, आणि त्यांतले तिघं जुने भिडू होते. जेडन डॅनियल्स आणि बो निक्स पाचव्या वर्षाचे, मायकेल पेनिक्स सहाव्या. डॅनियल्स अ‍ॅरिझोना स्टेटहून एलएसयूला गेला, निक्स ऑबर्नहून ओरेगनला. वाढीव वर्ष नसतं तर हे दोघं २०२३ मध्ये बरेच खालच्या राऊंडला गेले असते, असं तेव्हाचे जवळपास सगळे अंदाज सांगत होते. एका वर्षाने त्यांना वर ढकललं. डॅनियल्सने तर पहिल्याच मोसमात वॉशिंग्टनला कॉन्फरन्सच्या (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत नेलं. म्हणजे जादा वर्षाने ड्राफ्ट उथळच होतो असं नाही. तेच वर्ष चौथ्या राऊंडच्या मुलाला पहिल्या राऊंडचा करतं, आणि त्याच्या मूळ ड्राफ्टमधली जागा मात्र रिकामी ठेवतं. टीव्हीवर रिकाम्या जागेची चर्चा होते, भरलेल्या जागेचं श्रेय नियमाला कोणी देत नाही.

ही लाट आता संपली आहे. २०२० मध्ये कॉलेजात आलेला आणि रेडशर्ट घेतलेला मुलगा फार तर २०२५ च्या हंगामापर्यंत खेळू शकत होता. त्यापुढे राहिले ते दुखापतीसारख्या कारणांनी सवलत मिळालेले थोडे.

पैशाचं तसं नाही. २१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरून कमवायची मुभा मिळाली. सगळे त्याला एनआयएल म्हणतात. सुरुवातीला माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या 'कलेक्टिव्ह'मधून पैसे यायचे. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली : जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक कॉलेजला आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटता येतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मोठ्या कॉलेजांत यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो.

याचा परिणाम मोजायला सगळ्यात सोपा आकडा म्हणजे पात्रता शिल्लक असताना मुदतीआधी ड्राफ्टला अर्ज करणारे. एनएफएलने जाहीर केलेल्या याद्यांत २०२१ मध्ये असे सुमारे १३० जण होते. पुढच्या वर्षी १००, मग ८२, आणि २०२४ मध्ये ५८. तीन वर्षांत निम्म्याहूनही कमी.

ही मुलं कोण होती? पहिल्या राऊंडची नव्हेत, ती आजही थांबत नाहीत. २०२५ चा पहिला पिक कॅम वॉर्डचा करार ४ कोटी ८० लाखांच्या वर आहे. तेवढे कोणतंही कॉलेज देत नाही. थांबली ती चौथ्या ते सातव्या राऊंडची, आणि त्याहून जास्त, निवडच न होणारी. त्यांच्या घरी मी मांडतो तो हिशेब साधारण असा.

समजा तिसऱ्या वर्षाचा मुलगा आहे, बचावफळीतला. एनएफएलच्या सल्लागार समितीकडून तीनच प्रकारची उत्तरं येतात : पहिला राऊंड, दुसरा राऊंड, किंवा कॉलेजातच थांब. याला तिसरं उत्तर आलंय. एजंटचे लोक क्लबांत विचारून सांगतात, पाचवा-सहावा राऊंड. त्या जागेचा चार वर्षांचा करार कागदावर ४५ लाख डॉलरच्या आसपास दिसतो आणि आईवडील त्या आकड्याकडेच बघत राहतात. पण हातात नक्की पडणारी रक्कम म्हणजे सहीचा बोनस, बहुधा दोन-चार लाख. बाकीचं सगळं ५३ जणांच्या संघात टिकलात तरच. टिकलात तर २०२५ च्या दराने पहिल्या वर्षी ८ लाख ४० हजार. नाही टिकलात आणि सराव पथकात घेतलं तर आठवड्याला १३ हजार, म्हणजे १८ आठवडे पूर्ण राहिलात तरी २ लाख ३४ हजार. आणि सराव पथकातून मंगळवारी काढून टाकलं तर बुधवारपासून काही नाही.

दुसऱ्या बाजूला, मोठ्या कॉन्फरन्समधला (कॉलेजांच्या गटातला) सुरुवातीच्या अकरात खेळणारा चौथ्या वर्षाचा मुलगा आज पाच-सात लाख मागू शकतो, चांगल्या जागेवर खेळणारा त्याहून बराच जास्त. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) तो दुसऱ्या कॉलेजचा भाव आणून आपल्या कॉलेजसमोर ठेवतो. २०२१ पर्यंत बदली केली की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, आता तेही नाही. म्हणूनच वर २०११ चा उल्लेख केला. एनएफएलमधली पहिली चार वर्षं बांधील दराची आहेत, त्यामुळे गुणी मुलाला आयुष्यातला पहिला खुला बाजार भेटतो तो कॉलेजात. पूर्वी तुलना शिष्यवृत्ती विरुद्ध ८ लाख अशी होती. आता ती ६ लाख नक्की विरुद्ध ८ लाख कदाचित अशी आहे, शिवाय थांबल्यास दुसऱ्या राऊंडपर्यंत चढायची आशा.

क्विन यूअर्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. टेक्ससचा क्वार्टरबॅक, एक वर्ष शिल्लक असताना २०२५ च्या ड्राफ्टला गेला. दुसऱ्या कॉलेजला गेला असता तर काही दशलक्ष मिळाले असते, अशा बातम्या होत्या. निवड झाली सातव्या राऊंडमध्ये, २३१ वा. चार वर्षांचे मिळून सुमारे ४३ लाख. नुसता आकडा बघितला तर चूक वाटते. पण त्याच मोसमाच्या शेवटी मायामी डॉल्फिन्सने त्याला सुरुवातीपासून मैदानात उतरवलं. कॉलेजात राहून ते पान उघडलं नसतं. कॅम वॉर्डने उलट केलं : जानेवारी २०२४ मध्ये ड्राफ्टसाठी नाव दिलं, मागे घेतलं, मायामी विद्यापीठात गेला आणि वर्षभराने पहिला पिक ठरला. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक याने कोपराच्या दुखापतीनंतर तोच रस्ता घेतला आणि मायामीला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

थांबण्याची किंमत कधी कळते? दुसऱ्या कराराच्या वेळी. फुटबॉलमधला खरा पैसा तिथे आहे आणि तो वयावर ठरतो. क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये सगळ्यात शेवटी, २६२ वा, निवडला गेला. त्यालाही आणखी एक वर्ष कॉलेजात थांबता आलं असतं. तो गेला, संधी मिळाली, आणि २०२५ मध्ये पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार झाला. क्वार्टरबॅकला एक वर्ष उशीर परवडतो, कारण तो पस्तिशीतही खेळतो. रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला, नाही. २१ व्या वर्षी आलेला रनिंग बॅक २५ व्या वर्षी दुसरा करार मागतो. २४ व्या वर्षी आलेला २८ व्या वर्षी, आणि तेव्हा क्लब दार उघडत नाहीत. म्हणून रनिंग बॅकच्या आईवडिलांना मी नेहमी विचारतो, कॉलेजात या वर्षी त्याच्या हाती किती वेळा चेंडू जाणार? वीस-वीस धक्के खाऊन पैसे घेण्यापेक्षा ते धक्के एनएफएलच्या पगारावर खाल्लेले बरे. आक्रमणफळीतल्या लाइनमनला मात्र मी डोळे मिटून थांब म्हणतो. ताकद आणि तंत्र दोन्ही त्या जागी उशिरा पिकतं.

इथवरचं एकत्र करून सांगतो. पहिल्या दोन राऊंडवर पैशाचा परिणाम जवळपास नाही. तिसऱ्यापासून धार बोथट होते. चौथ्याच्या पुढे तिसऱ्या वर्षाची मुलं कमी झाली आणि त्यांच्या जागी २३-२४ वर्षांचे, तीन-चार वर्षं मैदानावर दिसलेले खेळाडू आले.

मग हे उथळ होणं म्हणायचं का? कोणासाठी, त्यावर आहे. पिकची संख्या तेवढीच राहते, त्यामुळे उथळपणा आकड्यांत दिसत नाही, क्लबच्या फळ्यावर दिसतो. निवडण्यालायक म्हणून क्लब जी यादी करतो तीत पिकपेक्षा नावं नेहमीच कमी असतात. त्या यादीच्या तळाला पूर्वी २१ वर्षांचे कच्चे पण अफाट अंगाचे मुलगे असायचे. एखादा पिकला तर हिरा, नाही पिकला तर नुकसान फारसं नाही. ते आता नाहीत, आणि क्लबवाले हळहळतात ते त्यांच्यासाठी. त्यांच्या जागी आलेला २४ वर्षांचा खेळाडू पहिल्या दिवसापासून विशेष पथकात (किकच्या वेळी उतरणाऱ्या) उभा राहू शकतो, पण तो फार वाढणार नाही हे सगळ्यांना दिसतं. १९ वर्षांच्या मुलांसमोर त्याने केलेली कामगिरी खरी किती, हेही वेगळं मोजावं लागतं. तळ आहे, त्याखाली काय सापडेल याची उत्सुकता कमी झाली आहे.

मला स्वतःला त्या हळहळीत सामील होता येत नाही. २०२१ च्या आधी दरवर्षी कितीतरी मुलं घरची गरज म्हणून तिसऱ्या वर्षानंतर निघायची, निवड व्हायची नाही, एजंट केल्यामुळे परत कॉलेजात खेळता यायचं नाही, पदवी अर्धीच. ड्राफ्टची ती 'खोली' या मुलांच्या घाईवर उभी होती. तीच मुलं आता पगार घेऊन थांबतात, पदवी पुरी करतात आणि दोन राऊंड वर जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२४ मधल्या ओहायो स्टेटकडे बघा. एमेका एगबुका, ट्रेव्हियन हेन्डरसन, जॅक सॉयर, डॉनोव्हन जॅक्सन असे अनेक जण जाऊ शकत असताना थांबले. राष्ट्रीय विजेतेपद मिळालं आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्या एका संघातून १४ जण निवडले गेले. एगबुका आणि जॅक्सन पहिल्याच राऊंडमध्ये.

माझी काळजी दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मोठा मुलगा एक वर्ष जास्त थांबला की लहान मुलाची एक जागा जाते. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या आणि त्यांशिवाय बिनशिष्यवृत्तीची कितीही मुलं असा संघ असायचा. हाउस तडजोडीनंतर एकूण संघालाच १०५ ची मर्यादा आली. प्रशिक्षकाला या वर्षी जिंकायचं असतं, म्हणून तो शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाऐवजी पोर्टलमधला बावीस वर्षांचा तयार खेळाडू घेतो. शाळकरी मुलगा लहान कॉलेजात जातो, तिथे चमकला की मोठे त्याला उचलतात. काहींच्या बाबतीत हे उत्तम जमतं. वॉर्डची सुरुवात इन्कार्नेट वर्डसारख्या लहान ठिकाणीच झाली होती. पण दर वर्षी नवा प्रशिक्षक, नवी पद्धत, नवी भाषा यांतून गेलेल्या लाइनमनचा पाया कच्चा राहतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मैदानावर मिळायला हवेत ते शेकडो डाव त्याला मिळतच नाहीत. ड्राफ्ट खरोखर उथळ होणार असेल तर तो या वाटेने होईल, आणि त्याचा परिणाम आज दिसणार नाही. आज अठरा वर्षांची असलेली मुलं २३ ची होतील तेव्हा दिसेल.

पुढे काय, हे बरंचसं कोर्टांवर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये व्हॅन्डरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया याला कोर्टाने तात्पुरता दिलासा दिला : दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात खेळलेलं वर्ष त्याच्या खात्यात धरायचं नाही. मग एनसीएएने तशा इतर खेळाडूंनाही एक वर्षाची सवलत दिली. पाव्हिया २०२५ मध्ये खेळला आणि कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत, रेडशर्टची भानगड काढून टाकावी, हीही चर्चा सुरू आहे. तसा नियम आला तर पहिल्याच वर्षी पुन्हा कोविडसारखा खड्डा पडेल, कारण चौथ्या वर्षानंतर जाणारे अचानक थांबतील. त्या एका ड्राफ्टमधले पाचव्या राऊंडच्या पुढचे पिक कवडीमोल होतील आणि जाणकार क्लब ते आधीच देऊन पुढच्या वर्षीचे घेतील. वर्षभराने पुरवठा पूर्ववत होईल, फक्त सरासरी वय चढेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या दडवत नाही. कॉलेजचे पैसे आज आहेत तेवढे राहतील का, हे वाटपाची मर्यादा कशी पाळली जाते यावर आहे. दुखापतीचा इतिहास असेल तर माझा सल्ला उलटतो. घर कुठे आहे यानेही फरक पडतो : एनआयएलचं उत्पन्न बहुतेक वेळा स्वतंत्र व्यावसायिकाचं धरलं जातं, कर मुलानेच भरायचा असतो, आणि टेक्सस किंवा फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. बऱ्याच घरांना हे एप्रिलमध्ये, कर भरताना कळतं.

शेवटच्या राऊंडना अर्थ उरेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर येत्या ड्राफ्टमध्ये तुम्ही स्वतःच तपासू शकता. जानेवारीत मुदतीआधी आलेल्यांची यादी जाहीर होते ती बघा. मग चौथ्या राऊंडपासून प्रत्येक नावापुढे वय आणि कॉलेजांची संख्या लिहा. सहाव्या-सातव्या राऊंडमध्ये किती क्लब पिक विकून पुढच्या वर्षीचा पिक घेतात ते मोजा. फळा रिकामा झाल्याची ती सगळ्यात पक्की खूण. आणि ऑगस्टच्या शेवटी ५३ जणांचे संघ जाहीर झाले की त्यांतले किती टिकले ते जुळवा. २३-२४ वर्षांचे पूर्वीच्या २१ वर्षांच्यांइतकेच टिकले असतील, तर ड्राफ्ट वयस्क झाला, उथळ नाही.